शत्रूची जखम आणि वैद्याचा धर्म
(इयत्ता सातवीच्या वर्गासाठी अभ्यासलेख)

पाठाचे प्रयोजन

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी अनेक लढायांची माहिती शिकतात. लढाईची तारीख, सेनापतींची नावे, जय कोणाचा झाला व तहात कोणता मुलूख कोणाकडे गेला, एवढे त्यांच्या वहीत उतरते. परंतु लढाई संपल्यानंतर रणभूमीवर पडून राहिलेल्या जखमी माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न पुस्तकात क्वचितच येतो आणि वर्गातही सहसा कोणी विचारीत नाही.

या जखमींमध्ये जसे आपल्या बाजूचे असतात, तसेच शत्रूच्या बाजूचेही असतात. सैन्याबरोबर असलेल्या डॉक्टरपुढे दोघेही येऊन पडतात. औषधे थोडी, वेळ थोडा आणि मदतनीस मोजकेच, अशा वेळी त्याने प्रथम कोणाकडे पाहावे? ज्याने घटकाभरापूर्वी आपल्या माणसांवर गोळी झाडली, त्याचा रक्तस्राव थांबविणे हे त्याचे कर्तव्य आहे काय?

आजच्या जगाने या प्रश्नाचे एक निश्चित उत्तर स्वीकारलेले आहे. उपचारांचा क्रम जखमेच्या गांभीर्यावरून ठरावा. जखमी कोणत्या पक्षाचा आहे, हे त्यात पाहू नये. हे उत्तर ऐकावयास सोपे वाटते. मात्र ते मानवजातीला सहजासहजी सापडलेले नाही. ज्यांच्या हातांना रक्त लागले होते अशा माणसांनी ते प्रत्यक्ष कामातून शोधून काढले, आणि मागाहून राष्ट्रांनी त्याला कायद्याचे रूप दिले. ते कसे घडले व ते उत्तर योग्य का, हे विद्यार्थ्यांना समजावून देणे, हे या पाठाचे प्रयोजन होय.

प्राचीन काळची दोन मते

शत्रूवर उपचार करावा, हे मत पूर्वी सर्वत्र मान्य होते असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरूने शिष्याला विद्यारंभी करावयाचा उपदेश दिलेला आहे. स्वतःच्या प्राणावर बेतले तरी रोग्याचा द्रोह करू नये, असे त्यात मोठ्या तळमळीने सांगितले आहे. त्याच उपदेशात, राजाचा रोष झालेल्यांना व राजाचा द्वेष करणाऱ्यांना औषध देऊ नये, असेही सांगितले आहे. वैद्य हा राजाच्या आश्रयाने राहणारा. तेव्हा राजाचा वैरी तो वैद्याचाही वैरी, असा त्या काळचा व्यवहार होता.

ग्रीस देशातही अशीच एक कथा प्रसिद्ध होती. इराणच्या बादशहाने साथीच्या निवारणासाठी हिपोक्रातीस या वैद्याला विपुल धन देऊ केले. परंतु ग्रीकांच्या शत्रूंवर आपण उपचार करणार नाही, असे सांगून त्याने ते नाकारले, असे ती कथा सांगते. ती घडलेली घटना असल्याचा पुरावा नाही. तथापि, शतकानुशतके ती देशभक्तीचा नमुना म्हणून आदराने सांगितली जात असे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच्या उलट दुसरा विचारही प्राचीन काळापासून आढळतो. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला युद्धाचे नियम सांगतात. ज्याचे शस्त्र मोडले, ज्याचे वाहन पडले अशा जखमी शत्रूवर आपल्या राज्यात उपचार करावेत किंवा त्याला त्याच्या घरी पोहोचवावे, आणि जखमा बऱ्या झाल्यावर त्याला सोडून द्यावे, असा तो नियम आहे. हे सांगणारे भीष्म स्वतः बाणांनी विद्ध होऊन पडलेले आहेत, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या नजरेस अवश्य आणावी.

शीख परंपरेतील भाई कन्हैया यांची कथाही येथे सांगता येईल. अठराव्या शतकाच्या आरंभी आनंदपूरच्या लढाईत ते पखाल घेऊन जखमींना पाणी पाजीत असत. शत्रूच्या जखमींनाही ते पाणी देतात, अशी तक्रार गुरू गोविंदसिंगांकडे गेली. जखमींमध्ये आपल्याला मित्र किंवा शत्रू दिसत नाही, असे उत्तर त्यांनी दिले. तेव्हा गुरूंनी त्यांना दोष न देता त्यांच्या हाती मलमाची डबी दिली आणि यापुढे पाण्याबरोबर मलमपट्टीही करावी, असे सांगितले, अशी ही परंपरा आहे.

ही दोन्ही मते विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. पूर्वजांनी जे जे सांगितले ते सर्व एकमुखी होते, असा समज करून देऊ नये. आपल्या परंपरेतही या प्रश्नाचा विचार झाला, त्यात मतभेद होते, आणि त्यांतून निवड करावी लागली, हे कळले म्हणजे विचार करण्याची जबाबदारी आपल्यावरही आहे, हे मुलांना उमगते.

फिरत्या रुग्णपथकांचा जनक

दोमिनिक झाँ लारे याचा जन्म १७६६ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी एका खेड्यात झाला. लहानपणीच तो पोरका झाला. तूलूझ येथे शस्त्रवैद्य असलेल्या चुलत्याने त्याला वाढविले व शिकविले. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि १७९२ मध्ये युद्धास तोंड लागले. त्या वेळी लारे ऱ्हाईन नदीवरील सैन्यात शस्त्रवैद्य म्हणून रुजू झाला.

तेथे त्याने जे पाहिले ते भयंकर होते. सैन्याचे रुग्णालय रणभूमीपासून चार-पाच किलोमीटर मागे ठेवावे, असा नियम होता. लढाई संपेपर्यंत जखमींना उचलावयाचे नाही, अशीच रीत होती. त्यामुळे जखमी माणसे दिवसदिवस जागीच पडून राहत आणि उपचार मिळण्यापूर्वीच त्यांतील बहुतेक मरण पावत. सैन्यातील हलक्या तोफा घोड्यांच्या साहाय्याने हव्या त्या ठिकाणी चपळाईने नेल्या जातात, हे लारेने पाहिले होते. तोफा जर इतक्या लवकर नेता येतात, तर जखमी माणसांना तितक्याच लवकर का आणता येऊ नये, असा विचार त्याच्या मनात आला. त्याने स्प्रिंगा बसविलेल्या, दोन घोडे जोडलेल्या हलक्या गाड्या तयार करवून घेतल्या. प्रत्येक गाडीत दोन जखमींना निजवून नेता येत असे. गाडीबरोबर शस्त्रवैद्य व मदतनीस असत, आणि लढाई चालू असतानाच ते जखमींपर्यंत पोहोचत. आज रस्त्यावर धावणाऱ्या रुग्णवाहिकेचे मूळ या गाड्यांत आहे. पुढे इजिप्तच्या वाळवंटात घोडागाड्या चालेनात, तेव्हा त्याने उंटांच्या दोन्ही बाजूंना पाळण्यासारख्या पेट्या बांधून जखमी वाहून नेले.

जखमी लवकर येऊ लागले तसा दुसरा प्रश्न उभा राहिला. एकाच वेळी शेकडो माणसे समोर येत. १८१२ मध्ये रशियातील बोरोदिनो येथील लढाईच्या वेळी एका दिवसरात्रीत त्याने सुमारे २०० अवयवच्छेद केले. त्या काळी गुंगीचे औषध नव्हते. ईथरचा शस्त्रक्रियेतील जाहीर प्रयोग १८४६ मध्ये झाला. अशा स्थितीत कोणाला आधी घ्यावयाचे? पूर्वापार रीतीने सरदार व अधिकारी प्रथम, शिपाई मागाहून आणि शत्रू शेवटी, किंवा मुळीच नाही. लारेने ही रीत मोडली. ज्याची जखम अधिक धोक्याची, त्याला प्रथम घ्यावे. हुद्दा, दर्जा पाहू नये, असा त्याचा दंडक होता. ज्यांच्या जखमा किरकोळ आहेत त्यांना थांबता येते, किंवा मागच्या रुग्णालयात जाता येते; अधिकाऱ्यांना तर ते अधिकच सोपे, कारण त्यांच्याजवळ बहुधा घोडे असतात, असेही त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. रशियाच्या स्वारीत मागे टाकल्या गेलेल्या रशियन जखमींवरही त्याने उपचार केले.

या दंडकामागचे तर्कशास्त्र शिक्षकांनी नीट उकलून दाखवावे. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली असेल तर माणूस काही मिनिटांत दगावतो. हाताला ओरखडा असेल तर तो दोन दिवसही थांबू शकतो. तेव्हा हुद्द्याप्रमाणे क्रम लावला तर थांबू शकणारा आधी बरा होतो आणि थांबू न शकणारा मरतो. जखमेप्रमाणे क्रम लावला तर दोघेही वाचण्याचा संभव असतो. लारेला हे दयाभावामुळे सुचले तसे शास्त्रामुळेही सुचले. आणि एकदा हुद्दा बाजूला ठेवला, की गणवेशाचा रंगही बाजूला ठेवावा लागतो, कारण रक्तस्रावाला त्या दोहोंचीही ओळख नसते.

१८१५ च्या जून महिन्यात वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला. त्या धावपळीत लारे तलवारीच्या वाराने जखमी होऊन प्रशियन सैन्याच्या हाती सापडला आणि त्याला गोळी घालण्याचा हुकूम झाला. डोळ्यांवर पट्टी बांधण्याच्या वेळी एका प्रशियन शस्त्रवैद्याने त्याला ओळखले. त्या वैद्याने काही वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये लारेची व्याख्याने ऐकली होती. त्याच्या मध्यस्थीने शिक्षा थांबली आणि लारेला प्रशियन सेनापती ब्ल्यूखर याच्यापुढे नेण्यात आले. या सेनापतीचा मुलगा पूर्वी एका चकमकीत जखमी होऊन फ्रेंचांचा कैदी झाला होता, आणि लारेच्या उपचारांनी त्याचे प्राण वाचले होते. ब्ल्यूखरने लारेची सन्मानाने मुक्तता केली. हा वृत्तान्त लारेने स्वतःच लिहून ठेवलेला आहे.

ही कथा मुलांना फार आवडते. पण ती सांगताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. 'शत्रूवर उपकार केला, म्हणून त्याची फेड झाली' एवढेच तात्पर्य मुलांनी घेतले तर पाठ फसला असे समजावे. लारेने ज्या शेकडो परक्या जखमींना हात लावला, त्यांतील बहुतेकांची नावेही त्याला ठाऊक नव्हती, आणि त्यांच्यापैकी कोणाकडून काही परत मिळण्याचा संभव नव्हता. वॉटर्लूला त्या ओळखीच्या वैद्याची गाठ पडली नसती आणि लारे मारला गेला असता, तरीही त्याने पूर्वी केले ते योग्यच ठरले असते. हे वाक्य वर्गात स्पष्टपणे उच्चारावे.

कास्तिल्योने गावातील तीन दिवस

लारे १८४२ मध्ये मरण पावला. त्याचा दंडक चांगला होता, तरी तो एका थोर माणसाचा दंडक होता. तो माणूस जेथे नसेल तेथे जखमींनी काय करावे? याचे भीषण उत्तर १८५९ मध्ये मिळाले.

उत्तर इटलीत सॉल्फेरिनो येथे २४ जून १८५९ रोजी एका बाजूस फ्रान्स व सार्डिनिया आणि दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रिया यांची मोठी लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ४०,००० लोक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. जवळच्या कास्तिल्योने या लहानशा गावात हजारो जखमी येऊन पडले. देवळे, शाळा, घरांची अंगणे आणि रस्ते भरून गेले. डॉक्टर फारच थोडे होते. गावात अन्न व पाणी असूनही, ते द्यावयास हात पुरे पडेनात, म्हणून माणसे तहानेने तडफडत होती.

जिनिव्हाचा हेन्री ड्युनंट हा ३१ वर्षांचा व्यापारी आपल्या कामानिमित्त त्या भागात आला होता. तो डॉक्टर नव्हता. ते दृश्य पाहून त्याने गावातील स्त्रियांना, मुलांना व प्रवाशांना एकत्र केले, आणि पाणी पाजणे, जखमा धुणे, पट्ट्या बांधणे ही कामे वाटून दिली. तो कोणामध्येही भेद करीत नाही, हे पाहून गावच्या स्त्रियांनीही तीच रीत उचलली. ज्या ऑस्ट्रियन शिपायांच्या सत्तेविरुद्ध त्यांचे देशबांधव लढत होते, त्यांनाही त्यांनी तेच पाणी व त्याच पट्ट्या दिल्या. हे सारे आपले भाऊच आहेत, असे त्या म्हणत असत, हे ड्युनंटने नमूद केले आहे.

याच सुमारास एक महत्त्वाची गोष्ट घडली. ऑस्ट्रियन सैन्यातील काही डॉक्टर फ्रेंचांचे कैदी झाले होते. एकीकडे जखमी उपचारांवाचून मरत होते आणि दुसरीकडे उपचार जाणणारी माणसे कैदेत बसून होती. या डॉक्टरांना मोकळे करावे, अशी विनंती ड्युनंटने फ्रेंच छावणीत केली. पुढे फ्रान्सच्या बादशहाने, जखमींची शुश्रूषा करताना पकडल्या गेलेल्या डॉक्टरांना बिनशर्त सोडण्याची आज्ञा काढली. जखमी हा शत्रू राहत नाही, या विचाराबरोबरच जखमींचा डॉक्टरही शत्रू राहत नाही, हा दुसरा विचार येथे पुढे आला.

नियमाचे कायद्यात रूपांतर

ड्युनंटने आपला अनुभव १८६२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यात त्याने दोन सूचना केल्या. पहिली, प्रत्येक देशात शांततेच्या काळातच जखमींच्या सेवेसाठी स्वयंसेवक मंडळे स्थापावीत. दुसरी, त्यांच्या संरक्षणासाठी राष्ट्रांनी आपसांत करार करावा. पहिल्या सूचनेतून १८६३ मध्ये जिनिव्हा येथे रेडक्रॉस संस्थेचा पाया घातला गेला. दुसरीतून २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी दहा कलमांचा पहिला जिनिव्हा करार केला. जखमी व आजारी सैनिकांना, ते कोणत्याही राष्ट्राचे असोत, उचलून त्यांची शुश्रूषा करावी, हे त्याचे मुख्य सूत्र होते. १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळाले, त्यांत ड्युनंट हा एक होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर १२ ऑगस्ट १९४९ रोजी चार नवे जिनिव्हा करार झाले. भारताने १९५० मध्ये त्यांना संमती दिली आणि १९६० मध्ये त्यासंबंधी स्वतंत्र अधिनियम केला. यांतील पहिला करार रणभूमीवरील जखमींविषयी आहे. त्यातील पुढील मुद्दे फळ्यावर लिहावेत.

१. जखमी व आजारी यांच्यात वंश, राष्ट्र, धर्म, राजकीय मत इत्यादींवरून भेद करू नये. उपचारांत कोणाला अग्रक्रम द्यावयाचा तो केवळ तातडीच्या वैद्यकीय कारणावरूनच द्यावा.

२. माघार घेताना जखमी मागे ठेवावे लागले, तर लष्करी परिस्थिती अनुमती देईल तितके डॉक्टर, मदतनीस व औषधे त्यांच्याजवळ ठेवावीत. म्हणजे शत्रू येणार हे माहीत असूनही काही डॉक्टरांनी जखमींपाशी थांबावयाचे.

३. जखमींची शुश्रूषा केली म्हणून कोणालाही त्रास देऊ नये किंवा शिक्षा करू नये.

४. शत्रूने नियम मोडले म्हणून त्याच्या जखमींवर सूड उगवू नये.

५. रुग्णालयानेही आपली मर्यादा पाळावी. रेडक्रॉसच्या निशाणाखाली शस्त्रसाठा किंवा लढणारे सैनिक लपविले, तर ते संरक्षण गमावून बसते.

विद्यार्थ्यांच्या शंका

हा विषय शिकविताना विद्यार्थी शंका काढतील. त्या दडपू नयेत. त्या योग्य आहेत व त्यांचे निरसन केलेच पाहिजे.

पहिली शंका अशी की, आपलीच माणसे मरत असता शत्रूवर औषध का खर्चावे? याचे उत्तर असे की, शत्रूला आधी घ्यावे असे नियम म्हणत नाही. आपल्या माणसाची जखम अधिक धोक्याची असेल, तर तोच आधी. नियम एवढेच सांगतो की, आपल्या माणसाच्या खरचटलेल्या हातासाठी शत्रूच्या तुटलेल्या रक्तवाहिनीला थांबवून ठेवू नये.

दुसरी शंका अशी की, बरा झालेला शत्रू पुन्हा आपल्यावरच शस्त्र उचलील. ही भीती खोटी नव्हे. म्हणूनच जखमी शत्रू हा युद्धकैदी असतो आणि त्याच्यावर पहारा ठेवण्याचा अधिकार सैन्याला आहे. पहारा सैनिकाने करावयाचा व उपचार डॉक्टरने. भविष्यात कोण काय करील याचा अंदाज बांधून आज कोणी जगावे हे डॉक्टरने ठरवू लागणे, म्हणजे त्याने न्यायाधीशाचे आसन बळकावणे होय.

तिसरी शंका सर्वांत अवघड आहे. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून सैन्यात गेलेली घरे पुष्कळ आहेत. वर्गात एखादा विद्यार्थी असाही असेल की, ज्याच्या घरातील कोणी सीमेवर कामास आले. 'ज्याने माझ्या वडिलांना मारले, त्यालाही डॉक्टरने वाचवावयाचे काय?' असे त्याने विचारले, तर शिक्षकांनी घाईने उपदेश करू नये. त्याच्या दुःखाचा मान राखावा. शत्रूला क्षमा करावी, असे कोणताही करार त्या मुलाला सांगत नाही. त्याच्या रागावर कोणाचीही सत्ता नाही. नियम डॉक्टरला आहे. आणि ज्या क्षणी डॉक्टर तो नियम पाळतो, त्याच क्षणी पलीकडच्या एखाद्या रुग्णालयात आपल्यापैकी कोणाचा तरी जखमी पिता परक्या डॉक्टरच्या हाती पडलेला असू शकतो, हेही त्याला हळुवारपणे सांगावे.

अर्थात परतफेडीची आशा हा नियमाचा एक आधार झाला; तो शेवटचा आधार नव्हे. शत्रूने आपल्या जखमींना वाईट वागविले तरी आपण सूड घेऊ नये, असे करार सांगतो. मग खरा आधार कोणता? तो डॉक्टरच्या पदातच आहे. रोगी आपला देह डॉक्टरच्या हाती पूर्ण विश्वासाने देतो. हा जगण्यास योग्य व तो अयोग्य, अशी निवड डॉक्टर एकदा करू लागला, की ती निवड शत्रूपाशी थांबत नाही. आज परका अयोग्य ठरतो, उद्या कैदी, परवा दुर्बल. आणि शेवटी स्वकीयांनाही त्याच्यापुढे निर्धास्तपणे निजता येत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. नाझी राजवटीत अनेक जर्मन डॉक्टरांनी कैद्यांवर क्रूर प्रयोग केले, आणि राज्याला नकोशा वाटणाऱ्या रुग्णांच्या हत्येत भाग घेतला. अशा हत्यांना बळी पडलेल्यांत स्वदेशातील मनोरुग्ण व अपंग मुलेही होती. न्यूरेंबर्ग येथे १९४६-४७ मध्ये २३ जणांवर खटला चालला. त्यांतील बहुतेक डॉक्टर होते. १६ जण दोषी ठरले व सात जणांना फाशीची शिक्षा झाली. यानंतर १९४८ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने डॉक्टरांसाठी नवी प्रतिज्ञा तयार केली. धर्म, राष्ट्र, वंश, पक्ष किंवा सामाजिक दर्जा यांना आपले कर्तव्य व रोगी यांच्यामध्ये येऊ देणार नाही, असा तिचा आशय होता. युद्धकाळातील वैद्यकीय नीती शांतताकाळातील नीतीहून वेगळी नाही, असेही याच संघटनेने १९५६ मध्ये जाहीर केले.

सोलापूरच्या डॉक्टरांचा आदर्श

चीन-जपान युद्धात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हे चिनी सैन्याबरोबर काम करीत होते. जखमी जपानी कैद्यांवरही त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि त्याविषयी लिहूनही ठेवले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषार पसरून १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याकडे आले. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. परक्या देशाच्या जखमींची सेवा करीत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे तेथेच देहावसान झाले. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. त्या परिसरातील शाळांनी विद्यार्थ्यांना ते अवश्य दाखवावे.

नियम लिहिला गेला म्हणून तो सर्वत्र पाळला जातो, असे मात्र नव्हे. रुग्णालयांवर व वैद्यकीय पथकांवर होणाऱ्या हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीला ३ मे २०१६ रोजी करावा लागला. यावरून या पाठाची गरज संपलेली नाही, हे उघड आहे.

वर्गातील मांडणी

पाठाच्या आरंभी फळ्यावर चार जखमींचे वर्णन लिहावे : (अ) मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत आहे, (आ) पाय मोडला आहे, रक्तस्राव थांबला आहे, (इ) दंडावर उथळ वार आहे, (ई) कपाळाला खरचटले आहे. डॉक्टर एकच आहे. विद्यार्थ्यांनी गटागटाने उपचारांचा क्रम ठरवून वहीत लिहावा. बहुतेक गट अ, आ, इ, ई हाच क्रम लावतील.

यानंतर शिक्षकांनी प्रत्येकापुढे आणखी एक शब्द लिहावा : (अ) शत्रूचा शिपाई, (आ) आपला शिपाई, (इ) आपला सेनापती, (ई) शत्रूचा सेनापती. आता क्रम बदलावा काय, असे विचारावे. काही हात वर होतील, काही होणार नाहीत. चर्चा होऊ द्यावी. शेवटी एकच प्रश्न विचारावा : फळ्यावर नवा शब्द लिहिल्याने कोणाची जखम बदलली काय? मुले उत्तर देतील. त्यानंतरच लारेच्या कथेकडे वळावे.

स्वाध्याय

१. लढाई संपेपर्यंत जखमींना न उचलण्याच्या रीतीमुळे काय होत असे? लारेने त्यावर कोणता उपाय योजला?

२. चरकसंहितेतील उपदेश व भीष्मांनी सांगितलेला नियम यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.

३. शत्रूवर पहारा ठेवणे आणि त्याच्यावर उपचार करणे ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे का असावीत?

४. ड्युनंट डॉक्टर नसताना त्याने कोणती कामे केली? त्यांतील कोणती कामे तुम्हांला करता येतील?

शिक्षकांसाठी शेवटची सूचना

या पाठाची परीक्षा लेखी उत्तरांत होणार नाही. एखाद्या दिवशी मधल्या सुटीत मैदानावर दोन मुलांची मारामारी होईल. ज्याने भांडण काढले, त्याचेच डोके अधिक फुटलेले असेल. सारा वर्ग भोवती गोळा होऊन शिक्षकांच्या हातातील प्रथमोपचाराच्या पेटीकडे पाहत असेल. त्या वेळी पट्टी प्रथम ज्याला अधिक लागले आहे त्याला बांधावी, आणि दोष कोणाचा याची चौकशी मागाहून स्वतंत्रपणे करावी. चौकशी सोडून देऊ नये. परंतु ती पट्टीच्या आधी करू नये. मुलांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे वरील सर्व विवेचन त्यांना न सांगताही समजेल.